वर्डप्रेस ६.९ येतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्डप्रेसची ६.९ ही आवृत्ती २ डिसेंबर २०२५ ला येणार आहे आणि दिवाळीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न फिरून येतायत. विचारणारे बहुतेक ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी ते खारघर या पट्ट्यातले: सोसायट्यांचे सेक्रेटरी, क्लासवाले, दवाखाने, पूजासाहित्याची दुकानं, एखाददुसरं मंडळ. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तरं नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहिलेली आणि तेव्हा आलेल्या रिलीज कँडिडेटवर, म्हणजे प्रकाशनाआधीच्या जवळजवळ अंतिम प्रतीवर, बेतलेली आहेत.

१. ६.९ म्हणजे नेमकं काय? आमची साइट तर व्यवस्थित चालू आहे.

साइटवरचा मजकूर आणि फोटो तुमचे. ते सांभाळणारा आणि लॉगिन करून लिहायची सोय देणारा प्रोग्रॅम म्हणजे वर्डप्रेस. ६.८ चं ६.९ झालं की नवीन सोयी येतात. ६.८.३ असा तिसरा आकडा लागला की ती दुरुस्ती किंवा सुरक्षेची डागडुजी असते. ६.८ एप्रिल २०२५ मध्ये आलं. त्या सुमारास या वर्षात आणखी मोठी आवृत्ती नाही असंच जाहीर झालं होतं, मग बेत बदलला आणि ६.९ ला डिसेंबर मिळाला.

यातल्या बहुतेक सोयी आत बसून लिहिणाऱ्यांसाठी आहेत. बाहेरून साइट बघणाऱ्याला काही वेगळं दिसायला नको. दिसलंच तर प्रश्न १९ आणि २० पाहा.

२. साइटचं रूप बदलेल का?

नाही. रूप थीमवर, म्हणजे साइटच्या मांडणी-रंगांच्या साच्यावर, अवलंबून असतं आणि थीम तीच राहते. एरवी वर्षाकाठी एक नवी थीम सोबत येते, यंदा तीही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.७ बरोबर आलेली ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह हीच अजून ताजी.

३. आमचा वेबसाइटवाला नवीन व्हर्जनचे वेगळे पैसे मागतोय. विकत घ्यावं लागतं का?

वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतं. ते फुकट आहे आणि फुकटच राहील. बॅकअप घेणं, आधी चाचणी करणं, बिघडलं तर निस्तरणं या कामाचे पैसे मागितले तर त्यात गैर काही नाही, मेहनत आहे ती. पण बिलावर 'वर्डप्रेस ६.९ लायसन्स' असं लिहून आलं तर सरळ विचारा की हे कसलं लायसन्स. काही प्लगइन (वरून बसवायच्या जादा सोयी) आणि थीमना वार्षिक वर्गणी असते, ती गोष्ट वेगळी, आणि तिचा हिशेब बिलात वेगळाच दिसायला हवा.

४. २ तारखेला साइट आपोआप बदलेल का?

साइट कधी उभी राहिली त्यावर आहे. डिसेंबर २०२० मध्ये ५.६ आलं तेव्हापासून नव्याने उभारलेल्या साइटवर मोठ्या आवृत्त्याही आपोआप चढतात. त्याआधीच्या साइटवर फक्त तिसऱ्या आकड्याच्या दुरुस्त्या आपोआप येतात आणि मोठ्या अपडेटसाठी बटण दाबावं लागतं. डॅशबोर्डमधल्या (लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या भागातल्या) अपडेट्सच्या पानावर कोणती सोय चालू आहे ते लिहिलेलं असतं आणि तिथेच ती बदलताही येते. काही होस्टिंगवाले मात्र स्वतःच्या वेळापत्रकाने अपडेट करतात. त्यांचं पॅनेल एकदा उघडून बघा. साइट वर्डप्रेस डॉट कॉमच्या साध्या प्लॅनवर असेल तर आवृत्तीची काळजी त्यांची, तुमच्या हातात बटणच नाही.

तारीख अमेरिकेतली आहे. आपल्याकडे ३ डिसेंबरची पहाट उजाडली असेल.

५. मग लगेच करू की थांबू?

माहितीपुरती साइट असेल तर आठवडाभर थांबा आणि करून टाका. मोठ्या आवृत्तीनंतर काही दिवसांतच प्लगइनवाले आपापली दुरुस्ती सोडतात, तोवर दम धरलेला बरा.

ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्यांनी मात्र पंचांग बघून तारीख धरावी, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. ४ डिसेंबरला मार्गशीर्षातला गुरुवार आहे आणि दत्तजयंतीही. नौपाड्यातल्या पूजासाहित्याच्या दुकानाला घट, फळं, वेण्यांच्या ऑर्डर आदल्या दोन दिवसांतच येणार. त्याच वेळी पेमेंटचं प्लगइन अडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. अशा दुकानांनी आपोआप अपडेट १ तारखेआधी बंद करावं आणि शेवटचा गुरुवार, म्हणजे १८ तारीख, उलटल्यावर निवांत करावं. मधल्या काळात ६.८ साठी एखादी दुरुस्ती आलीच तर ती घ्या. मोठं अपडेट थांबवलं म्हणून छोटं थांबवायचं नसतं.

६. अपडेटच्या आधी काय करून ठेवायचं?

बॅकअप. त्यात दोन वस्तू हव्यात: डेटाबेस, ज्यात सगळा मजकूर असतो, आणि फायली, म्हणजे फोटो, थीम, प्लगइन. पुष्कळ जण फोटोंचं फोल्डर उतरवून घेतात आणि बॅकअप झाला म्हणतात. मजकूर त्यात नसतो. शिवाय बॅकअप त्याच सर्व्हरवर पडून असेल तर सर्व्हर गेला की तोही गेला. एक प्रत स्वतःच्या ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती उघडते का हेही एकदा बघा.

मग प्लगइनची यादी चाळा. दोन वर्षांत ज्याला हात लागलेला नाही ते प्लगइन संशयित समजा. होस्टिंगवर स्टेजिंगची, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या जागेची, सोय असेल तर तिथे साइटची नक्कल करून आधी तिच्यावर अपडेट चालवा. नुसतं ६.९ कसं दिसतं ते बघायचं असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही.

७. साइट हेल्थमध्ये पीएचपी ७.४ दिसतंय. चालेल का?

चालेल. पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, सर्व्हरवर चालणारी. ६.९ ची किमान अट ७.२.२४ आहे. पण ७.४ ला नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे चालतंय म्हणून तसंच ठेवणं शहाणपणाचं नाही. वर्डप्रेसची शिफारस ८.३ ची आहे. होस्टिंगच्या पॅनेलमधून आवृत्ती बदलता येते, पण हे आणि वर्डप्रेसचं अपडेट एकाच दिवशी करू नका. बिघडलं तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. आधी पीएचपी, मग चार दिवसांनी वर्डप्रेस.

८. नोट्स नोट्स म्हणतात ते काय आहे?

या आवृत्तीतली माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट. लेखातल्या एखाद्या परिच्छेदाला, फोटोला किंवा तक्त्याला शेरा चिकटवता येतो. त्याला दुसरा माणूस उत्तर देतो, आणि काम झालं की तो शेरा निकालात काढता येतो.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं उदाहरण घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी जायला हवी. सेक्रेटरी मसुदा टाकतात. खजिनदार स्क्रीनचा फोटो काढतात, सिंकिंग फंडाच्या ओळीभोवती लाल गोल करतात आणि कमिटीच्या ग्रुपवर टाकतात: "हा आकडा गेल्या सभेत ठरला तो नाही." तोवर मसुदा दोनदा बदललेला असतो, गोल कुठल्या मसुद्यावरचा ते कुणालाच कळत नाही, आणि मध्ये कुणीतरी सुप्रभात टाकतं. नोट्समध्ये खजिनदार त्याच परिच्छेदावर लिहितील, "इतिवृत्त बघा, आकडा चुकलाय." अध्यक्ष खाली होकार देतील, सेक्रेटरी आकडा बदलून शेरा बंद करतील. कोण काय म्हणालं ते पानापाशीच राहतं.

दोन अडचणी आधीच सांगतो. शेरा लिहायला ते पान संपादित करायचा अधिकार लागतो, म्हणजे दुसऱ्याच्या पानावर शेरा मारायला खजिनदारांना निदान एडिटरचा रोल द्यावा लागेल. आणि नवीन शेऱ्याचा ईमेल ज्याच्या नावावर पान आहे त्याला जातो. पुष्कळ साइट्सची सगळी पानं वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असतात. लेखक बदलून घ्या, नाहीतर सोसायटीची भांडणं तो बिचारा वाचत बसेल.

९. नोट्स बाहेरच्यांना दिसतील का?

नाही. डेटाबेसमध्ये त्या प्रतिक्रियांच्याच तक्त्यात वेगळ्या प्रकारच्या म्हणून साठवल्या जातात, पण पानावर उमटत नाहीत. तक्ता तोच असल्यामुळे एक खबरदारी घ्या: सगळ्या प्रतिक्रिया बंद करणारं किंवा घाऊक पुसणारं प्लगइन बसवलेलं असेल तर नोट्स त्याच्या तावडीत सापडत नाहीत ना, ते एखाद्या चाचणीच्या पानावर बघून घ्या.

शेरा पूर्ण ब्लॉकला (परिच्छेद, फोटो, तक्ता असा पानाचा एक तुकडा) लागतो, त्यातल्या एका शब्दाला नाही. थीमच्या टेम्पलेटवर शेरे लिहिता येत नाहीत.

१०. म्हणजे आता गुगल डॉक्ससारखं दोघांनी एकाच वेळी लिहायचं का?

नाही, ते या आवृत्तीत नाही. एकाने पान उघडलेलं असताना दुसऱ्याने उघडलं तर पूर्वीसारखीच "अमुक जण संपादन करत आहेत" अशी पाटी येते, आणि दुसऱ्याने ताबा घेतला की पहिला बाहेर. वर्डप्रेसच्या नव्या, ब्लॉक जोडत लिहायच्या एडिटरचे चार टप्पे ठरलेत: सोपं लेखन, साइटची रचना, एकत्र काम आणि बहुभाषिकता. नोट्स हा तिसऱ्या टप्प्यातला पहिला मोठा हप्ता आहे.

११. एखादा भाग न पुसता तात्पुरता काढता येईल का?

आता येईल. ब्लॉकच्या मेनूत तो लपवायची सोय आली आहे. लपवलेला ब्लॉक एडिटरमध्ये राहतो, यादीत त्यापुढे खूण दिसते, पण वाचकाला पाठवलेल्या पानात त्याचा मजकूर जातच नाही. आतापर्यंत लोक सीएसएसने (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडने) झाकायचे, तेव्हा पानाचा सोर्स उघडला की सगळं दिसायचं.

पाणीकपातीची सूचना, क्लासची 'अकरावी-बारावी प्रवेश सुरू' ही पट्टी, दवाखान्याची 'डॉक्टर सुट्टीवर आहेत' ही पाटी: एकदा नीट बनवायची, लागेल तेव्हा उघडायची. मात्र मोबाइलवर लपव आणि कॉम्प्युटरवर दाखव असं यात जमत नाही. अमुक तारखेला आपोआप उघड असंही नाही. लपवलेला मजकूर त्या पानाचं संपादन करणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, तेव्हा थकबाकीदारांची यादी तिथे दडवून ठेवू नका.

१२. अकॉर्डियन ब्लॉकने प्रश्नोत्तरं केली तर गुगलमध्ये खाली उघडणारे प्रश्न दिसतील का?

बहुधा नाही, आणि त्यात ६.९ चा दोष नाही. ऑगस्ट २०२३ पासून गुगल ती सोय मोजक्या नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरतीच देतं. क्लासला किंवा केटररला ती मिळायची आशा सोडा. 'पाच हजारांत दाखवून देतो' म्हणणाऱ्यालाही हेच ऐकवा.

अकॉर्डियन म्हणजे प्रश्नावर दाबलं की खाली उत्तर उघडतं तो ब्लॉक, आणि तो स्वतः चांगला आहे. दुसरा प्रश्न उघडला की पहिला मिटावा, किंवा एखादा आधीपासून उघडा असावा, हे ठरवता येतं. आत्तापर्यंत यासाठी वेगळं प्लगइन लागायचं, ते एक कमी होईल. मात्र प्लगइन काढलं म्हणजे त्यात केलेली जुनी प्रश्नोत्तरं आपोआप या ब्लॉकमध्ये येत नाहीत, हाताने हलवावी लागतात.

१३. गणिताच्या क्लासची साइट आहे. सूत्रं अजून फोटो काढून टाकतो. काही सोय?

हो, मॅथ ब्लॉक आला आहे. लेटेक या सूत्रं टाइप करायच्या पद्धतीने सूत्र लिहायचं, पान ते मॅथएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या सूत्रांच्या भाषेत, दाखवतं. वाक्याच्या मध्येही सूत्र घालता येतं. ताज्या ब्राउझरमध्ये अडचण नाही. क्रोमला २०२३ पासून मॅथएमएल कळतं, पण वर्गातल्या एखाद्या मुलाच्या जुन्या फोनवर सूत्र विस्कटू शकतं. लेटेक शिकायला थोडा वेळ जातो, अपूर्णांक आणि वर्गमूळ एवढं आलं तरी दहावीचं बरंचसं भागतं.

१४. कंट्रोल-के दाबलं की एक पट्टी येते, ती काय?

कमांड पॅलेट. २०२३ मध्ये ६.३ बरोबर ती आली, पण पोस्ट आणि साइट एडिटरपुरती. आता डॅशबोर्डमध्ये कुठेही उघडते. पानाचं नाव टाइप करा, थेट तिथे जा. मॅकवर कमांड-के. फोनवरून साइट चालवणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

१५. ६.९ मध्ये एआय आहे म्हणे. आमचे लेख तेच लिहिणार का?

नाही. अ‍ॅबिलिटीज एपीआय नावाची जी गोष्ट आली आहे ती प्रोग्रॅमरसाठी आहे. साइटला काय काय करता येतं हे बाहेरच्या साधनांना कळेल अशा रीतीने नोंदवायची एक ठरावीक पद्धत, एवढंच. तुम्ही एखादं एआयचं प्लगइन बसवत नाही तोवर तुमच्या साइटवर यातलं काही घडत नाही.

१६. आम्ही अजून जुनाच एडिटर वापरतो. तो बंद होणार का?

क्लासिक एडिटर हे प्लगइन ६.९ वर चालतं. २०१८ च्या डिसेंबरात ५.० आलं तेव्हापासून त्याच्या मरणाच्या तारखा निघतायत आणि ते लाखो साइट्सवर ठणठणीत आहे. अधिकृत भूमिका 'गरज असेल तोवर' अशीच आहे.

पण नोट्स, लपवणं, अकॉर्डियन, सूत्रं हे सगळं ब्लॉकवर उभं आहे. जुन्या एडिटरमध्ये यातलं काहीच मिळणार नाही. एक मधला मार्ग आहे: त्याच प्लगइनच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाला आपला एडिटर निवडू देण्याचा पर्याय आहे. सत्तरीच्या सेक्रेटरींना जुनं राहू द्या, नवीन पोरांना नवं. फक्त एकच पान आलटून पालटून दोन्हीकडे उघडू नका, ब्लॉक विस्कटतात.

१७. मराठी शीर्षक दिलं की लेखाचा पत्ता मध्येच तुटतो. ६.९ मध्ये सुटेल का?

नाही, आणि हा प्रश्न मराठी साइट्सचाच असल्याने जरा सविस्तर सांगतो. पत्त्यातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचं असतं आणि एकेक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा ठेवतं. २०० भागिले नऊ, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'वार्षिक' या तीन अक्षरांचीच सात चिन्हं होतात. सभेच्या नोटिशीचं लांबलचक शीर्षक तिसऱ्या शब्दापाशी तुटणारच.

उपाय हाताचा आहे. शीर्षक मराठीतच ठेवा, पत्ता मात्र प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा करून टाका. जुन्या लेखांचे पत्ते बदलायच्या भानगडीत पडू नका. लोकांनी पुढे पाठवलेल्या लिंक त्याच आहेत.

१८. एकच साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हीत हवी आहे. आता प्लगइनशिवाय होईल?

नाही. बहुभाषिकता हा प्रश्न १० मधला चौथा टप्पा, अजून दूर आहे. तोवर पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल ही प्लगइन. डॅशबोर्ड मराठीत करणं ही वेगळी गोष्ट आणि ती कधीपासूनच आहे: प्रत्येक जण आपल्या प्रोफाइलमध्ये भाषा निवडू शकतो.

१९. अपडेटनंतर 'गंभीर त्रुटी' असं पान आलं तर?

घाबरू नका आणि पुन्हा पुन्हा अपडेट दाबू नका. अशा वेळी वर्डप्रेस अ‍ॅडमिनच्या ईमेलवर एक लिंक पाठवतं. तिच्यातून आत गेलात की गुन्हेगार प्लगइन थांबवून साइट सुरू करता येते. २०१९ पासूनची ही सोय आहे. गोची अशी की तो ईमेल तीन कमिट्यांपूर्वीच्या सेक्रेटरींचा असतो आणि ते आता पुण्याला असतात. सेटिंग्जमधला अ‍ॅडमिन ईमेल आजच बघा, शक्यतो सोसायटीच्या नावाचा ठेवा.

६.६ पासून आपोआप अपडेट झालेलं प्लगइन साइट पाडत असेल तर वर्डप्रेस त्याची जुनी आवृत्ती परत आणतं. ती सोय प्लगइनपुरतीच आहे. खुद्द ६.९ वरून मागे यायचं तर प्रश्न ६ मधला बॅकअपच लागतो.

२०. थीम २०१६ ची आहे. साइट उघडली, पण एका पानावरचं बटण वेगळं दिसतंय.

६.९ मध्ये क्लासिक थीमसाठीही पानावर जे ब्लॉक आहेत त्यांचंच सीएसएस पाठवलं जातं. पूर्वी सगळ्यांचं एकगठ्ठा जायचं. पान हलकं होतं, हा खरा फायदा आहे. पण न वापरलेल्या ब्लॉकच्या सीएसएसवर कुणी परस्पर टेकलं असेल, किंवा ते अमुक क्रमानेच येईल असं धरून चाललं असेल, तर रूप बदलू शकतं. आधी कॅशे (पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटल्या तर थीम बनवणाऱ्याला पानाची लिंक पाठवा आणि "अपडेटनंतर ब्लॉकच्या सीएसएसचा क्रम बदललाय का" असं विचारा. त्याला कळेल.

२१. सगळं टाळून थेट ७.० ला थांबलो तर?

वर्डप्रेसमध्ये ६.९ वरून ७.० ही उडी ६.८ वरून ६.९ एवढीच असते, आकडा गोल झाला म्हणून फार काही वेगळं होत नाही. ७.० हे २०२६ चं काम आहे. एप्रिलमध्ये ९ ते ११ तारखांना वर्डकॅम्प एशिया मुंबईतच ठरलंय, तिथे पुढच्या गोष्टी कळतीलच. आणि थांबून वाचत काहीच नाही. प्लगइनची जुळवाजुळव तेव्हाही करावीच लागेल.

२२. साइट ४.६ वर आहे, बनवणारा सापडत नाही. थेट ६.९ चढवू?

तांत्रिकदृष्ट्या थेट जाता येतं, मधल्या आवृत्त्या एकेक करून चढवाव्या लागत नाहीत. पण ४.१ ते ४.६ यांना जुलै २०२५ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद झाल्या आहेत, तेव्हा साइट आतापर्यंत स्वच्छ आहे की कुणी आत शिरून बसलंय हे आधी तपासा. मग बॅकअप, मग त्याची स्टेजिंगवर नक्कल, आणि अपडेट त्या नकलेवर. त्या काळातली थीम आणि प्लगइन पीएचपी ८ वर बहुधा मान टाकतील. मजकूर शाबूत राहतो, रूप नव्याने करावं लागेल असं धरून चाला. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते सगळ्यात आधी बघा. बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर त्याला शोधणं हेच पहिलं काम, वर्डप्रेसचं नंतर पाहू.